अमेरिकन वसाहतींचा इतिहास आणि आमचे शब्द

परीक्षांचा हंगाम जवळ आला म्हणजे औरंगपुऱ्यांतील पुस्तकांच्या दुकानांत पातळ, स्वस्त व घाईनें छापलेल्या मार्गदर्शक पुस्तिकांचे ढीग लागतात. जगाच्या इतिहासावरील अशा पुस्तिकेंत इंग्रजांच्या अमेरिकेंतील वसाहतींचें एखादें प्रकरण असतें, व त्याच्या शेवटीं ‘महत्त्वाच्या संज्ञा व व्यक्ती’ या मथळ्याखालीं एक यादी असते. जेम्सटाउन, १६०७. मेफ्लॉवर, १६२०. रॉजर विल्यम्स, विल्यम पेन, हेडराइट, इंडेंचर, हाउस ऑफ बर्जेसेस. प्रत्येकास दीड ओळ. विद्यार्थी ती यादी पाठ करतो, उत्तरपत्रिकेवर उतरवितो आणि परीक्षागृहाच्या पायऱ्या उतरतां उतरतां विसरतो. यांत विद्यार्थ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. ज्या शब्दाचा आपल्या घराशीं, गल्लीशीं, शेताशीं कांहींएक संबंध नाहीं असें आपणांस सांगण्यांत आलें आहे, तो शब्द डोक्यांत किती दिवस राहणार?

परंतु संबंध नाहीं हें म्हणणेंच मुळीं चुकीचें आहे. त्या यादींतील पुष्कळशा शब्दांस मराठींत प्रतिशब्द आहेत, आणि ते कोशकारांनीं बनविलेले नसून आमच्या लोकांनीं आपल्या पाठीवर सोसून मिळविलेले आहेत. शिवाय आमच्या छत्रपती संभाजीनगर शहराचा जन्म ज्या दशकांत झाला, त्याच दशकांत ती पहिली टिकाऊ इंग्रज वसाहत वसली. दोहोंचा इतिहास शेजारीं ठेवून वाचला म्हणजे एक गोष्ट दिसते, ती आमच्या वाचकांपुढें मांडावी एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून आरंभ व्यापारापासूनच करूं. इंग्लंडच्या राणीनें १६०० सालच्या शेवटच्या दिवशीं ईस्ट इंडिया कंपनीस पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली. तिच्यामागून गादीवर आलेल्या पहिल्या जेम्स राजानें १६०६ सालीं व्हर्जिनिया कंपनीस पश्चिमेकडील किनाऱ्यावर वसाहत करण्याची सनद दिली. पुस्तिकेंत ज्यास ‘चार्टर’ म्हणतात ती हीच सनद. आमच्या देशमुख-देशपांड्यांच्या जुन्या पेट्यांत असते तशीच, फरक इतकाच कीं, ही भागीदारांच्या मंडळीस मिळालेली होती. या दोन्ही कंपन्यांचा कारभार पुष्कळ वर्षें एकाच गृहस्थाच्या हातीं होता, ही गोष्ट मात्र पुस्तिकेंत सहसा सांगितलेली नसते. सर टॉमस स्मिथ हा लंडनचा व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. आणि तोच १६१९ पर्यंत व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार. एका हातानें तो सुरतेचा हिशेब पाही व दुसऱ्या हातानें जेम्सटाउनचा. हिंदुस्थानचा इतिहास एका वर्गांत व अमेरिकेचा दुसऱ्या वर्गांत शिकविण्याची जी वहिवाट आहे, ती या गृहस्थास मोठी चमत्कारिक वाटली असती.

सुरतेच्या बाजूस नफा झाला. जेम्सटाउनच्या बाजूस प्रथम मृत्यूच झाला. १६०९ च्या हिवाळ्यांत तेथील सुमारें पांचशें माणसांपैकीं वसंत ऋतूपर्यंत साठच्या आसपास जिवंत राहिलीं. सोनें सांपडलें नाहीं. वसाहत वांचली ती तंबाखूमुळें. जॉन रॉल्फ यानें १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडीज बेटांकडील गोड जातीचें बीं लावून पाहिलें, व थोड्याच वर्षांत त्या मुलखांत तंबाखूवांचून दुसरें बोलणें राहिलें नाहीं. (हा रॉल्फ म्हणजे ज्या पोकाहोंटसवर चित्रपट निघतात तिचा नवरा. ती बिचारी इंग्लंडांत १६१७ सालीं वारली, व तिच्या बापाचा मुलूख पुढें तंबाखूच्या मळ्यांत नाहींसा झाला.) दक्षिणेंतील लोकांस या वनस्पतीची ओळख करून देण्यास इंग्रजांची गरज नव्हती. पोर्तुगीजांच्या मार्फत ती आधींच विजापुरास पोंचली होती, आणि अकबराच्या अखेरच्या दिवसांत त्याचा वकील असद बेग विजापुराहून परततांना तंबाखू व चिलीम नजराणा म्हणून घेऊन गेला होता.

तंबाखूस माणसें लागतात. कंपनीजवळ जमीन अमाप, हात नाहींत. तेव्हां १६१८ सालीं तिनें असा नियम केला कीं, जो कोणी आपल्या खर्चानें एक माणूस विलायतेहून आणील, त्यास त्या माणसामागें पन्नास एकर जमीन मिळेल. यालाच हेडराइट म्हणतात. आम्ही यास ‘डोईमागें जमीन’ म्हणूं. डोई मजुराची, जमीन आणणाराची. आणि जो मजूर येई तो ज्या कागदावर सही अथवा अंगठा करून येई, तो इंडेंचर. चार ते सात वर्षें धन्याचें काम करावें, त्या बदल्यांत प्रवासखर्च, अन्न व वस्त्र मिळावें, मुदत भरल्यावर सुटावें, असा तो करार असे. एकाच कागदावर करार दोनदां लिहून मधून दातेरी कापीत, व एक तुकडा धन्याकडे, एक नोकराकडे राही. दांते जुळले म्हणजे कागद खरा. त्या दातेरी कडेवरूनच कागदाचें नांव पडलें. पुढील दीडशें वर्षांत त्या वसाहतींत जे गोरे लोक आले, त्यांपैकीं निम्म्याहून अधिक असे कागद करूनच आले.

हा कागद मराठी माणसास अनोळखी आहे काय? १८३४ सालानंतर मॉरिशस बेटांतील उसाच्या मळ्यांवर जे हजारों हिंदी मजूर नेण्यांत आले, त्यांत कोंकणांतून गेलेलीं मराठी कुटुंबेंही होतीं. त्यांचे वंशज आजही तेथें मराठी म्हणून नांदतात. ‘ॲग्रीमेंट’ हा शब्द जिभेवर वळेना म्हणून मजुरांनीं त्याचें ‘गिरमिट’ केलें. मराठींत गिरमिट हें सुताराच्या हत्याराचेंही नांव आहे, तें लाकडास फिरून फिरून भोंक पाडतें. योगायोग असेल, पण वाईट नाहीं. हिंदुस्थानांतून गिरमिटाची भरती १९१७ सालीं थांबली. तेव्हां शिक्षकांनीं इंडेंचर या शब्दापुढें नुसतें ‘गिरमिट’ असें लिहिलें, तर दीड ओळीच्या व्याख्येची गरज उरणार नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. १६१९ सालचा उन्हाळा व्हर्जिनियाच्या इतिहासांत दोन कारणांनीं सांगतात. जुलैच्या अखेरीस तेथें वसाहतवाल्यांच्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली, तीच हाउस ऑफ बर्जेसेस. आणि ऑगस्टांत पॉइंट कम्फर्ट या ठिकाणीं एका इंग्रज जहाजानें वीस-बावीस आफ्रिकन माणसें उतरविलीं व धान्यसामग्रीच्या बदल्यांत दिलीं. हीं माणसें अंगोलाकडून पोर्तुगीज गुलामांच्या जहाजांतून चाललीं असतां समुद्रावर लुटण्यांत आलीं होतीं. स्वराज्याचें बीं व दास्याचें बीं एकाच महिन्याभरांत एकाच मातींत पडलें, असें म्हणून इतिहासकार थांबतात. आम्हांस त्यापुढील पन्नास-साठ वर्षें अधिक महत्त्वाचीं वाटतात. कारण १६१९ सालीं व्हर्जिनियांत गुलामगिरीचा कायदाच नव्हता. तो कसा तयार झाला हें पाहण्यासारखें आहे.

अँथनी जॉन्सन नांवाचा एक आफ्रिकन १६२१ सालीं तेथें आला. मळ्यावर खपला, पुढें मोकळा झाला, लग्न केलें, आणि १६५१ पर्यंत अडीचशें एकरांचा धनी होऊन बसला. त्याच्याजवळ त्याचे स्वतःचे चाकर होते, व त्यांपैकीं एक काळा चाकर आपल्याजवळ जन्मभर राहावा म्हणून तो कोर्टांतही भांडला आणि जिंकला. म्हणजे आरंभीं दार अगदींच बंद नव्हतें. तें एकेका फळीनें बंद होत गेलें. १६४० सालीं तीन चाकर मेरीलंडकडे पळाले व पकडले गेले. एक डच, एक स्कॉटिश, एक जॉन पंच नांवाचा आफ्रिकन. तिघांसही फटक्यांची शिक्षा झाली. दोघां गोऱ्यांची मुदत चार वर्षांनीं वाढली. तिसऱ्याची मुदत ‘जन्मभर’ अशी झाली. गुन्हा एक, रात्र एक, वाट एक, निकाल दोन.

पुढें १६५६ सालीं एलिझाबेथ की नांवाची एक बाई कोर्टांत उभी राहिली. तिचा बाप इंग्रज, आई आफ्रिकन. इंग्रजी रिवाजाप्रमाणें मुलाचा दर्जा बापावरून ठरतो, माझा बाप स्वतंत्र इंग्रज होता, सबब मी स्वतंत्र आहें, असें तिचें म्हणणें. ती जिंकली. एका बाईनें जिंकलेला दावा पाहून मळेवाल्यांस धडकी भरली, आणि १६६२ सालीं त्यांच्या सभेनें कायदा केला कीं, यापुढें मूल स्वतंत्र कीं गुलाम हें आईवरून ठरेल. या एका ओळीनें काय झालें तें पाहा. धन्यानें आपल्याच दासीस मूल दिलें तर तें मूल त्याचें लेंकरूं न ठरतां त्याची मालमत्ता ठरूं लागलें. १६६७ सालीं असें ठरलें कीं, बाप्तिस्मा घेतल्यानें गुलाम सुटत नाहीं. १६७० सालीं, अँथनी जॉन्सन मेल्यावर, तो काळा म्हणजेच परका होता, सबब त्याची जमीन सरकारजमा होऊं शकते असें पंचांनीं ठरविलें. १६७६ सालीं नॅथॅनियल बेकन याच्या बंडांत गोरे गिरमिटे व काळे चाकर खांद्यास खांदा लावून लढले व त्यांनीं जेम्सटाउन जाळलें. तें एकत्र येणें धनिकांस फार बोंचलें. १७०५ सालच्या मोठ्या कायद्यांत सर्व कलमें एकत्र करण्यांत आलीं व गुलाम ही स्थावर मालमत्ता आहे असें लिहिण्यांत आलें. स्थावर! जो माणूस पळून जाऊं नये म्हणून कुत्रे पाळावे लागतात, तो कायद्याच्या लेखीं विहिरीसारखा व वाड्यासारखा स्थावर.

आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, यांत कोणी राक्षस नव्हता. निवडून आलेले सभासद, चर्चला नियमानें जाणारे, हिशेबाचे चोख, एकमेकांस अदबीनें बोलणारे गृहस्थ सभेंत बसत, आणि त्या त्या वर्षाची अडचण त्या त्या वर्षापुरती सोडवीत. पंचावन्न-साठ वर्षांच्या अशा सोडवणुकींतून लक्षावधि माणसांची जन्मठेप तयार झाली.

त्याच काळांत आमच्या दक्षिणेंत काय चाललें होतें? १६१० सालीं मलिक अंबर यानें खडकी या खेड्याच्या जागीं निजामशाहीची राजधानी वसविली. तेंच हें शहर. त्याच्या मुलानें त्यास फत्तेनगर म्हटलें, औरंगजेबाच्या वेळीं तें औरंगाबाद झालें, आणि आज त्याचें नांव छत्रपती संभाजीनगर आहे. हा मलिक अंबर गुलाम होता. इथिओपियांत सोळाव्या शतकाच्या मध्यास जन्मला, लहानपणीं विकला गेला, बाजारामागून बाजार फिरत दक्षिणेंत आला, व अहमदनगरच्या पेशव्यानें, चंगीझखानानें, त्यास विकत घेतलें. तो चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, स्वार झाला, सरदार झाला, आणि अहमदनगर मोंगलांनीं घेतल्यावर बुडत्या निजामशाहीचा आधार झाला. त्यानें जमिनीची मोजणी करून साऱ्याची जी व्यवस्था बसविली तिचें नांव दक्षिणेंत पुढें पिढ्यान्पिढ्या निघत असे. जमिनीखालून नहर आणून त्यानें या शहरास पाणी दिलें. १६२४ सालीं भातवडीस त्यानें मोंगल व आदिलशाही फौजांचा एकदम पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईंत त्याच्या बाजूस होते. सुरतेच्या कंपनीच्या कामासाठीं आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरांत बऱ्हाणपुरास पोंचला, तेव्हां तेथील शाहजाद्याची छावणी याच अंबराविरुद्ध होती. पुढल्याच वर्षीं रोशनगांवच्या लढाईनंतर मोंगलांनीं खडकी जाळली. अंबरानें ती पुन्हां उभी केली.

दोन शहरें, तीन वर्षांच्या अंतरानें वसलेलीं. एकांत आफ्रिकेंतून आणलेला गुलाम राजधानी वसवितो व राजास आपली मुलगी देतो. दुसऱ्यांत त्याच भूखंडांतून आणलेल्या माणसाचे पणतू-खापरपणतू जन्मतःच दुसऱ्याची मालमत्ता ठरतात. याचें कारण आम्ही दक्षिणी लोक अधिक दयाळू होतों, असें मात्र कोणी समजूं नये. अंबर विकला गेलाच होता. जहांगिरानें आपल्या आत्मचरित्रांत त्यास रंगावरून ज्या शिव्या दिल्या आहेत, त्या वाचून व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांसही नवल वाटलें नसतें. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी सांपडतात, आणि त्या लिहिणारे कारकून आमचेच पूर्वज होते. फरक दयेचा नाहीं, फरक कलमाचा आहे. दक्षिणेंतील लष्करी गुलामाचें दास्य त्याच्या स्वतःपुरतें होतें; धनी मेला, स्वामिकार्य झालें, तर तें तुटूं शके, व त्याच्या मुलास तें चिकटेच असें नव्हे. व्हर्जिनियानें तें गर्भास चिकटविलें.

आणि गर्भास चिकटणारा दर्जा म्हटला कीं, आम्हां हिंदी लोकांस अमेरिकेकडे बोट दाखवितां येत नाहीं. हें ज्यांनीं प्रथम स्पष्ट ओळखलें ते जोतीराव फुले. १८७३ सालीं त्यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, व तें अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं काळ्या लोकांस दास्यांतून सोडविण्याकरितां स्वार्थत्याग केला, त्यांस अर्पण केलें. त्या देशांतील यादवी युद्ध संपून तेव्हां आठच वर्षें झालीं होतीं. पुण्याच्या एका माळ्याच्या मुलास व्हर्जिनियाच्या मळ्याची हकीकत आपल्या घरची वाटली, याचें कारण त्यास पुस्तिकेंतील यादी पाठ नव्हती, तर शब्दाचा अर्थ ठाऊक होता. जन्मावरून ठरलेला धंदा, जन्मावरून ठरलेली विहीर, जन्मावरून ठरलेलें अंतर: १६६२ सालचा व्हर्जिनियाचा कायदा आमच्याकडे लेखी करण्याची कोणास गरजच पडली नव्हती.

जोतीरावांच्या मागून चाळीस वर्षांनीं, १९१३ सालीं, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. तें विद्यापीठ १७५४ सालीं किंग्ज कॉलेज या नांवानें, दुसऱ्या जॉर्ज राजाच्या सनदेनें निघालेलें, म्हणजे अस्सल वसाहतीच्या काळांतील. न्यूयॉर्कच्या ज्या व्यापाऱ्यांनीं त्यास हातभार लावला, त्यांपैकीं कित्येकांचा पैसा गुलामांच्या व्यापारांतून आलेला होता. त्याच संस्थेंत बसून एका महार सुभेदाराच्या मुलानें अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचें अध्ययन केलें. पुढें गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलनाही त्यांनीं आपल्या लेखनांत केली. आणि १९५० सालीं आमच्या शहरांत मिलिंद महाविद्यालय काढलें. विद्येस दिलेला पैसा कोठून आला आणि कोठें पोंचला, याचा हिशेब देणाराच्या वहींत कधींच मावत नाहीं. बोस्टनला जन्मलेला व मद्रासेस कंपनीचा गव्हर्नर होऊन गबर झालेला एलिहू येल यानें कनेक्टिकटच्या एका लहानशा शाळेस पुस्तकें व मालाचे नऊ गठ्ठे पाठविले. ते विकून पांचशें बासष्ट पौंड आले, आणि १७१८ सालीं शाळेस त्याचें नांव मिळालें. नांव इतकें स्वस्त मिळाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या ऐकिवांत नाहीं.

त्या वसाहतींत विरोध करणारे कोणीच नव्हते काय? होते, व त्यांचीं नांवें यादींत अधिक ठळक छापावींत अशी आमची सूचना आहे. रॉजर विल्यम्स यानें सरकारनें लोकांच्या धर्मांत हात घालूं नये असें म्हटलें, मूळच्या रहिवाशांची जमीन राजाच्या सनदेनें आपली होत नाहीं असेंही म्हटलें, म्हणून मॅसॅच्युसेट्सनें त्यास हांकून दिलें. त्यानें १६३६ सालीं प्रॉव्हिडन्स हें गांव वसविलें. जर्मनटाउन येथील चार गृहस्थांनीं १६८८ सालीं आपल्याच पंथाच्या सभेपुढें गुलामगिरीविरुद्ध अर्ज ठेवला. तें गांव विल्यम पेनच्या मुलखांत होतें; तो मुलूख राजानें पेनच्या बापाच्या सोळा हजार पौंडांच्या देण्यापोटीं तोडून दिला होता. सभेनें तो अर्ज विषय फार नाजूक म्हणून वरच्या सभेकडे पाठविला, वरचीनें त्याच्याही वर, आणि तेथें तो बसला. अर्ज वर पाठवून बसविण्याची ही रीत आमच्या कचेऱ्यांनीं शोधून काढली असा आमचा समज होता; तो दूर झाला. जॉर्जिया वसाहतीनें तर १७३५ सालीं गुलाम ठेवण्यास बंदीच केली. शेजारच्या कॅरोलिनांत भात व पैसा पिकत असलेला पाहून जॉर्जियांतील जमीनदार कुरकुरूं लागले. मजूर परवडत नाहींत, धंदा बुडतो, असे अर्ज लंडनास गेले, आणि १७५१ सालीं बंदी उठली. सोळा वर्षें एक वसाहत गुलामांवांचून चालली होती, हें त्या अर्जदारांस दिसत असूनही दिसलें नाहीं.

या व्यापारांत आमचाही माल होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसें विकत घेण्यास जो माल लागे, त्यांत गुजराथ व कोरोमंडल येथील सुती कापड मोठ्या प्रमाणांत असे. इंग्रज व्यापारी तें येथून लंडनास व लंडनाहून आफ्रिकेस नेत. विणकरास त्याचें थान कोणाच्या किमतींत जाणार हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

आतां आमच्या दारापाशीं येऊं. दसरा-दिवाळी झाली म्हणजे बीड, जालना, परभणी आणि आमच्याही जिल्ह्यांतील गांवांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. दोघांचीं नांवें नाहींत, हत्याराचें नांव. पावसाळ्यांत हातीं पैसा नसतो तेव्हां मुकादम ‘उचल’ देतो, ती हंगामभर तोडून फेडायची असते. आजारपणानें कामावर गेलें नाहीं तर ‘खाडा’ पडतो व तो पैशांनीं भरावा लागतो. फिटली तर फिटली. न फिटली तर बाकी पुढल्या हंगामावर जाते. मुलें बरोबर जातात, शाळा तुटते, आणि बारा-पंधरा वर्षांनीं त्यांतील एखाद्याच्या हातीं कोयता व नांवावर उचल येते. वेठबिगारी १९७६ सालच्या कायद्यानें बंद झालेली आहे.

कोणी म्हणेल, ही गुलामगिरी नव्हे. आम्हीही तसें म्हणत नाहीं. ऊसतोड मजुरास मत आहे, कोर्ट आहे, त्यास कोणी बाजारांत विकीत नाहीं. पण व्हर्जिनियांत १६१९ सालीं जें होतें तेंही पुष्कळ अंशीं गुलामगिरी नव्हतें. तें मुदतीचें काम होतें, आणि मुदत लांबविण्याचीं कारणें एकेक करून सांपडत गेलीं. म्हणून आमचा प्रश्न उचलीच्या नांवाविषयीं नसून तिच्या दिशेविषयीं आहे. ती बापावरून मुलावर जाते कीं नाहीं? जात असेल, तर शब्द कोणताही वापरा.

यासंबंधीं आमच्या दोनच मागण्या आहेत. पहिली शाळांकडे. हा इतिहास शिकवितांना सनद, गिरमिट, उचल, वेठ, जन्मदास हे शब्द फळ्यावर मराठींत लिहावे, आणि ज्या तासास जेम्सटाउन शिकवायचें त्या तासास मुलांस भडकल दरवाजापाशीं न्यावें. तो दरवाजा मलिक अंबरानें १६१२ सालीं बांधला. त्याच्याजवळच डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे. शिक्षकानें तेथें व्हर्जिनियाचीं तीन सालें सांगावींत, १६१९, १६६२, १७०५. बाकीचें मुलें आपण होऊन विचारतील, व त्यांतील कित्येक मुलांचे आईबाप त्या वेळीं कोणत्या तरी कारखान्याच्या हद्दींत पालांत असतील.

दुसरी मागणी कागदाची आहे. सतराव्या शतकांतील गिरमिट्याजवळ कराराचा अर्धा दातेरी तुकडा असे. मुदत भरली कीं नाहीं हें त्यास तो दाखवून भांडतां येई. आमच्या ऊसतोड मजुराच्या हातीं पुष्कळदां तेवढाही तुकडा नसतो. उचल किती दिली, कोणत्या तारखेस दिली, दर टनास भाव काय, खाड्याचा दर काय, आणि हंगामाअखेर बाकी किती, हें दोन प्रतींत लिहून एक प्रत मजुराजवळ राहिली पाहिजे. कोयत्याच्या नांवानें नव्हे, तर नवरा व बायको यांच्या निरनिराळ्या नांवांनीं. आणि एकाची बाकी दुसऱ्याच्या अथवा मुलाच्या नांवावर चढणार नाहीं असें त्याच कागदावर छापलेलें असावें. साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांवर आमचे कित्येक वाचक आहेत, आणि मुकादमांशीं ज्यांचा रोजचा व्यवहार आहे असे तर पुष्कळच. यासाठीं मुंबईच्या कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दुहेरी पावतीपुस्तक बाजारांत कोणत्याही कागदवाल्याकडे मिळतें, आणि यंदाच्या टोळ्या निघण्यास अजून अवकाश आहे.